कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग: कुठून येतो आणि त्यातला किती टाळता येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमच्या आई ६३ वर्षांच्या आहेत. गुदाशयाच्या, म्हणजे रेक्टमच्या, कर्करोगासाठी त्यांचे रेडिएशन आणि केमो पूर्ण झाले असून पाच आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेल्या पाच महिन्यांत वजन ६१ किलोवरून ५४ किलोवर आले आहे. ओळखीतल्या एका गृहस्थांना अशाच शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात जंतुसंसर्ग झाला आणि त्यांचे तीन आठवडे आयसीयूत गेले, तेव्हापासून तुम्हाला धड झोप लागत नाही. आईंना हा धोका किती टक्के आहे आणि तो टाळता येतो का, असे तुम्ही विचारले आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे आणि गेली २२ वर्षे संसर्ग नियंत्रणाचे काम करते. त्यातला बराच काळ कर्करोगाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात गेला. एखाद्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर ताप आला, जखमेतून पू आला किंवा रक्तात जंतू वाढले, की त्याची फाइल माझ्याकडे येते आणि मी ती उलटी वाचते: तापाच्या दिवसापासून मागे जात ड्रेसिंगच्या नोंदी, नळ्या घातल्या-काढल्याच्या तारखा, भूलतज्ज्ञांचा तक्ता आणि शेवटी पहिल्या ओपीडीचा कागद. अशा फाइली वाचून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. संसर्गाचे कारण क्वचितच एकटे असते, आणि ज्या कारणांवर काही करता आले असते ती शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यांत आणि नंतरच्या चार-पाच दिवसांत फार वेळा सापडतात. म्हणून तुमच्या प्रश्नाला मी थोडे वळण देते: आईंच्या बाबतीत धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्यांतल्या कोणत्या पाच आठवड्यांत बदलता येतील, कोणत्या रुग्णालयातल्या माणसांनी बदलायच्या आहेत आणि कोणत्या आहेत तशा स्वीकारून नुसते लक्ष ठेवायचे आहे?

आकडा मी देणार नाही, कारण तो शस्त्रक्रियेचा प्रकार, ती किती वेळ चालली, त्या रुग्णालयातली शिस्त आणि मोजण्याची पद्धत या सगळ्यांवर बदलतो. मोजण्याच्या पद्धतीचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. जखमेचा संसर्ग शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांपर्यंत, आणि शरीरात कृत्रिम भाग बसवला असेल तर काही शस्त्रक्रियांत ९० दिवसांपर्यंत मोजायचा असतो, आणि त्यातला मोठा हिस्सा रुग्ण घरी गेल्यावर उघडकीला येतो. जे रुग्णालय डिस्चार्जच्या दिवशी मोजणे थांबवते त्याचा आकडा आपोआप कमी दिसतो. म्हणून ‘तुमच्याकडे संसर्गाचे प्रमाण किती’ यापेक्षा ‘तुम्ही रुग्णांना ३० दिवसांपर्यंत फोन करून विचारता का’ हा प्रश्न जास्त सांगून जातो.

‘रुग्णालयातला संसर्ग’ या एका नावाखाली निरनिराळे आजार येतात, आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते. जखमेचा संसर्ग वरवर कातडीत असतो, खोल स्नायूंपर्यंत असतो किंवा पोटाच्या आत, जिथे शस्त्रक्रिया झाली त्याच जागी असतो. लघवीचा संसर्ग नळीवाटे येतो, रक्तातला बहुधा सेंट्रल लाइनमधून (मानेच्या, छातीच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) किंवा केमोच्या पोर्टमधून (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या, शिरेला जोडलेल्या डबीतून). न्यूमोनिया पडून राहण्यामुळे आणि तोंडातला स्राव फुप्फुसांत उतरल्यामुळे होतो. अँटिबायोटिकांनी आतड्यातले नेहमीचे जंतू मारले गेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि जुलाब सुरू होतात. कर्करोगाच्या रुग्णात या प्रत्येकाची किंमत जास्त असते, कारण संसर्ग आटोक्यात येईपर्यंत पुढची केमो थांबवावी लागते.

आधी जे बदलता येत नाही ते सांगते. शस्त्रक्रियेत आतडे उघडले जाते, त्यामुळे ती स्तनाच्या किंवा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेइतकी ‘स्वच्छ’ वर्गातली कधीच होऊ शकत नाही. रेडिएशनमुळे त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजन लागतो, अँटिबायोटिकही रक्तातूनच तिथे पोहोचते, आणि दोन्ही तिथे तोकडे पडतात. वय, मूळ आजार आणि शस्त्रक्रियेची लांबी यांत तुम्हाला काही करता येण्यासारखे नाही. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत सर्वांत मोठी काळजी आतड्याचा जोड सुटून गळती होण्याची असते. जोड जितका खाली तितका तो नाजूक, आणि उत्तम हातांनी केलेला जोडही कधी कधी सुटतो. ही गळती पूर्णपणे टाळता येते असे मी म्हणणार नाही. सर्जन काही महिन्यांसाठी पोटावर तात्पुरता स्टोमा, म्हणजे मल पिशवीत जाण्यासाठी आतड्याचे तोंड, काढण्याचा विचार करतात तो याचसाठी: जोडावरून मल जाऊ न दिल्याने गळती झालीच तरी तिचे परिणाम सौम्य राहतात. स्टोमाचे नाव ऐकून अनेक कुटुंबे खचतात. तुमच्याकडे तो विषय निघाला तर त्याकडे संरक्षण म्हणून पाहा.

आता पाच आठवड्यांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ माझ्या मते वजनाची आहे. ६१ वरून ५४ म्हणजे अकरा टक्क्यांहून अधिक घट. सहा महिन्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरले असेल तर त्या रुग्णाला कुपोषणाचा गंभीर धोका आहे असे धरतात, आणि अशा रुग्णाला ७ ते १४ दिवस व्यवस्थित पोषण देऊन मगच शस्त्रक्रियेला घ्यावे, कर्करोगासाठी ती थोडी पुढे ढकलावी लागली तरी चालेल, असा युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. तुमच्या हातात सुदैवाने वेळ आहे, त्यामुळे ढकलण्याचीही गरज नाही. प्रथिनांचे लक्ष्य दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम ठेवतात. आईंसाठी ते सुमारे ६५ ते ८० ग्रॅम होते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे गणित बदलते, म्हणून आहारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा आणि भेटताना पाच महिन्यांतली सगळी वजने तारखांसह लिहून न्या. ‘थोडी बारीक झाली आहे’ असे सांगितले की पुढे काही होत नाही. आकडा सांगितला की होते. एक गोष्ट जाता जाता: रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आले की नातेवाईक अल्ब्युमिनच्या बाटलीचा आग्रह धरतात. कमी अल्ब्युमिन हे शरीरातल्या आजाराचे आणि दाहाचेही लक्षण असते, आणि बाटली लावून कागदावरचा आकडा वाढला तरी जखम भरून येण्याची ताकद त्याने वाढत नाही.

मधुमेहाबद्दल लोकांची समजूत अशी असते की एचबीएवनसी चांगले आले म्हणजे झाले. ही रक्ततपासणी गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते आणि उपयोगी आहेच, पण संसर्गाच्या दृष्टीने शस्त्रक्रियेच्या दिवशीची आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांची साखर तितकीच महत्त्वाची असते. शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर चढते, मधुमेह नसलेल्यांचीही चढते, आणि चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात. या दिवसांत ती २०० मिलिग्रॅमच्या खाली राहावी असे सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. फार खाली खेचण्याचा हट्टही धोक्याचा आहे, कारण भूल दिलेल्या माणसाला साखर उतरल्याचे सांगता येत नाही. ज्या गोळ्या सुरू आहेत त्यांतल्या कोणत्या कधी बंद करायच्या आणि इन्सुलिन कधी सुरू करायचे, हे भूलतज्ज्ञांकडून लेखी घ्या.

रक्तक्षय असेल तर तो आत्ताच शोधायला हवा. आतड्याच्या कर्करोगात रक्त हळूहळू झिरपत राहते आणि लोह कमी होते. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त द्यावे लागलेल्या रुग्णांत संसर्ग जास्त आढळतो, आणि दिलेले रक्त प्रतिकारशक्ती काही काळ दबवते असा यामागचा एक विचार आहे. पाच आठवडे हा लोह भरून काढायला चांगला अवधी आहे. शेवटच्या आठवड्यात ते जमत नाही. तंबाखू कोणत्याही स्वरूपात असेल तर ती किमान चार आठवडे आधी सुटली पाहिजे, म्हणजे आजच. दातांची कीड किंवा हिरड्यांची सूज असेल तर तीही आताच दाखवून घ्या. तोंडातले जंतूच पुढे फुप्फुसात उतरतात.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, घरी ब्लेडने किंवा रेझरने केस काढू नका. रेझरने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक काप पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरने, शस्त्रक्रियेच्या अगदी आधी. दुसरी, आतडे साफ करण्याच्या औषधाबरोबर तोंडाने घेण्याची अँटिबायोटिक देणार का, हे सर्जनना विचारा. नुसते पोट साफ करून जखमेचा संसर्ग कमी होत नाही. दोन्ही बरोबर दिली तर होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी शिफारस आहे.

थिएटरमधल्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत, तरी त्या कळल्या तर प्रश्न नेमका विचारता येतो. एका फाइलची आठवण सांगते. रुग्णाला जखमेचा खोल संसर्ग झाला होता. अँटिबायोटिकच्या चौकटीत सही होती, औषध योग्य होते, मात्राही योग्य होती. वॉर्डच्या नोंदीत ते सकाळी सात वाजता दिलेले होते. भूलतज्ज्ञांच्या तक्त्यावर पहिला छेद सव्वादहाचा होता, कारण आधीची शस्त्रक्रिया लांबली होती. छेदाच्या आधी साधारण ६० मिनिटांच्या आत ते दिलेले असायला हवे, म्हणजे चाकू कातडीला लागतो तेव्हा औषध तिथे भरपूर असते. सव्वातीन तासांनी ते बरेच उतरलेले होते, शिवाय शस्त्रक्रिया पाच तास चालली आणि मध्ये दुसरी मात्रा दिली गेली नाही. नेहमी वापरले जाणारे सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक चार तासांनी पुन्हा द्यावे लागते. तेव्हापासून आमच्याकडे ही मात्रा वॉर्डात देणे बंद झाले. ती भूल देतानाच, थिएटरमध्येच दिली जाते.

दुसरी गोष्ट शरीराच्या उष्णतेची. भूल दिल्यावर आणि पोट उघडे राहिल्यावर शरीर थंड पडते, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला ऑक्सिजन कमी मिळतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरच्या अभ्यासात, उबदार ठेवलेल्या गटात जखमेचा संसर्ग ६ टक्क्यांना झाला आणि थंड पडू दिलेल्या गटात १९ टक्क्यांना. गरम हवेचे पांघरूण ही फार गुंतागुंतीची वस्तू नाही, तरी ती लावायची राहून जाते. तसेच पोट शिवण्याआधी हातमोजे आणि उपकरणे बदलण्याचे. २०२२ साली सात देशांतल्या ८१ रुग्णालयांतून आलेल्या अभ्यासात एवढ्या एका सवयीने जखमेचा संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवे औषधही लागत नाही.

शस्त्रक्रिया झाली, की माझ्या अनुभवात धोक्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग सुरू होतो: शरीरात राहून गेलेल्या नळ्या. लघवीची नळी आत असली की दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. सगळ्यांना त्याचा आजार होत नाही, पण दिवस वाढतात तसा धोका साठत जातो. एका रुग्णाच्या बाबतीत नळी काढण्याचे शनिवारच्या राउंडला तोंडी ठरले होते, कागदावर कोणी लिहिले नाही आणि रविवारी वेगळी पाळी होती. मंगळवारी मी वॉर्डात गेले तेव्हा ते गृहस्थ लघवीची पिशवी हातात धरून स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत चालत जाताना दिसले. जो माणूस बाथरूमपर्यंत चालत जातो त्याला ती नळी कशासाठी हवी, हा प्रश्न तीन दिवसांत कोणालाच पडला नव्हता. बुधवारी त्यांना थंडी वाजून ताप आला आणि लघवीत व रक्तात एकच जंतू सापडला. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या नसा जवळ असतात, त्यामुळे नळी इतर शस्त्रक्रियांपेक्षा एक-दोन दिवस जास्त ठेवावी लागू शकते. म्हणून ‘आजच काढा’ असा आग्रह धरू नका; ‘आज ही नळी कशासाठी आहे आणि कधी निघेल’ एवढे रोज सकाळी विचारा. नळी आत आहे तोवर पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली असावी.

हाच प्रश्न सेंट्रल लाइनबद्दल विचारा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी हात धुणे, लाइन घालताना पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतून लाइन न घालणे आणि गरज संपताच ती काढणे या पाच गोष्टी नेमाने पाळल्या, तेव्हा रक्तातल्या संसर्गाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दर हजार लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन म्हणजे एक लाइन-दिवस) २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. आईंना केमोचा पोर्ट असेल तर त्याला हीच शिस्त लागू आहे. जोडणीचे तोंड औषध सोडण्यापूर्वी स्पिरिटने चोळलेले दिसायला हवे, आणि ड्रेसिंगची कड सुटलेली दिसली तर सिस्टरना लगेच सांगा.

अँटिबायोटिक किती दिवस, यावरून नातेवाइकांशी माझा सर्वांत जास्त संवाद होतो. संसर्ग झालेला नसताना ‘खबरदारी म्हणून’ सात दिवस दिलेले औषध जखमेचे जास्त रक्षण करत नाही. ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) आत आहे म्हणूनही ते चालू ठेवण्याची गरज नसते. ते आतड्यातले चांगले जंतू मारते, मागे राहतात ते औषधाला न जुमानणारे, आणि पुढे खरा संसर्ग झाला तर हाताशी औषध उरत नाही. डॉक्टरांनी प्रतिबंधक मात्रा पहिल्याच दिवशी थांबवली तर ते चांगल्या वॉर्डाचे लक्षण समजा. पोटात आधीच गळती किंवा गळू असेल तर गोष्ट वेगळी. तो उपचार आहे, त्याला दिवस लागतात.

फुप्फुसांसाठी तुम्ही स्वतः खूप करू शकता. दुसऱ्या दिवसापासून आईंना खुर्चीत बसवणे, सिस्टरांच्या मदतीने चालवणे, श्वासाच्या व्यायामाचे यंत्र जागेपणी दर तासाला वापरायला लावणे, दिवसातून दोनदा दात घासून देणे आणि झोपताना डोक्याकडची बाजू ३० अंश तरी वर ठेवणे. दुखत असेल तर त्या खोकणार नाहीत आणि खोल श्वास घेणार नाहीत, म्हणून वेदनाशामक मागायला संकोच करू नका.

हातांबद्दल सगळ्यांना ठाऊक असते, तरी एक दृश्य सांगते, कारण ते मी असंख्य वेळा पाहिले आहे. डॉक्टर दाराशी सॅनिटायझर घेतात, नीट चोळतात, आत येऊन पलंगाचा पडदा सरकवतात, खिशातला फोन पाहून परत ठेवतात आणि त्याच हाताने ड्रेसिंगची कड उचलतात. हात स्वच्छ केले होते हे खरे, पण पडदा आणि फोन त्यानंतरचे आहेत. रुग्णाला हात लावण्याच्या अगदी आधी २० ते ३० सेकंद चोळणे हा नियम आहे आणि तो तुम्हालाही आहे. वॉर्डात कोणाला अँटिबायोटिकनंतरचे जुलाब असतील तर सॅनिटायझर पुरत नाही, कारण क्लॉस्ट्रिडिऑइडिसचे बीजाणू स्पिरिटने मरत नाहीत. साबण आणि पाणीच लागते. ‘कृपया हात पुन्हा स्वच्छ कराल का’ असे म्हणायला धीर लागतो, हे मला ठाऊक आहे. दाखल होतानाच मुख्य सिस्टरना ‘आम्ही असे विचारले तर चालेल ना’ असे विचारून ठेवा. नंतर विचारणे सोपे जाते.

इथपर्यंतचे थोडक्यात: आत्ता वजन, साखर, लोह आणि तोंडाचे आरोग्य, दाखल होताना केस न काढणे आणि तोंडाच्या अँटिबायोटिकांची चौकशी, नंतर प्रत्येक नळीमागे रोज एक प्रश्न.

घरी गेल्यावर टाक्यांभोवती पसरणारी लाली, वाढत जाणारे दुखणे, गढूळ स्राव, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, लघवीला जळजळ किंवा धाप यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. गळतीची चाहूल मात्र अनेकदा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात आणि ताप नसतानाही लागते: नाडी जलद चालते, पोट फुगते, भूक जाते आणि रुग्ण म्हणतो, ‘आज काही बरे वाटत नाही.’ मधुमेह असलेल्या आणि केमो झालेल्या रुग्णात ताप उशिरा किंवा कमी येऊ शकतो, म्हणून आईंच्या या वाक्याला थर्मामीटरइतकेच महत्त्व द्या. डिस्चार्जच्या कागदावर रात्री-अपरात्री फोन करायचा क्रमांक लिहिलेला आहे ना, हे वॉर्ड सोडण्यापूर्वी पाहा. नसेल तर तो सिस्टरांकडून लिहून घ्या.